सुटे नाहीत

थ्योलो, मलावी. फेब्रुवारी. पाऊस कालपासून.

गोष्ट एवढीशीच. गेल्या मंगळवारी चिसोमोच्या आईने दिवसभर परसातलं तण काढलं. ठरले होते तीन हजार क्वाचा. माझ्या हातात पाच हजारांची नोट. ‘सुटे नाहीत, उद्या ये,’ म्हटलं नि चहा ठेवायला आत आले. ‘चाब्विनो, मायी,’ म्हणाली. म्हणजे बरं, बाई. बुधवारी येऊन पैसे घेऊन गेली, चकार शब्द नाही.

मंगळवारी रात्री ताटावर बसल्यावर आठवलं, की हा फेब्रुवारी आहे. घरचा मका डिसेंबरातच संपलेला, नवा एप्रिलशिवाय नाही. या दिवसांत गान्यूचे, म्हणजे रोजंदारीचे, पैसे संध्याकाळी हातात पडतात, वाटेतच त्यांचं पीठ होतं आणि रात्री न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. म्हणजे त्या रात्री? चार पोरं. विचारलं नाही. विचारून काय करणार होते?

मग माझंच रडगाणं. मला तरी इथे कोण आहे? वीज गेलेली, हे राजधानीत, लिलाँग्वेला, मराठी बोलायला फोनवरची आई. मुद्दाम का केलं मी? सुटे नव्हतेच. (होते. तुरीच्या डब्यात. उठायचा कंटाळा आला.)

तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी जोनीला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, गेला. आधी पैसे यायचे, मग नुसता फोन, मग तोही नाही. अशांना इथे ‘माचोना’ म्हणतात, हरवलेले. मेला म्हणत नाहीत, टाकून गेला म्हणत नाहीत. जमीन मात्र तिची, आईकडून आलेली. इकडे नवराच बायकोच्या गावी नांदायला येतो. अर्धा एकर, मका आणि मधे तूर. २०२३ च्या फ्रेडी वादळात पडलेली भिंत अजून तशीच. थोरली यंदा आठवीत. प्राथमिक शाळा फुकट, पुढे खर्च. तो विषय निघाला की मी चहाचं विचारते.

आज ती पुन्हा कामावर आली. आधी कमरेच्या चितेंजेच्या, म्हणजे गुंडाळलेल्या कापडाच्या, टोकाची गाठ दातांनी सोडली. आतून पाचशेच्या तीन, दोनशेच्या दोन, शंभराची एक. जुन्या फडक्यासारख्या मऊ नोटा. ओट्यावर मांडल्या, उडू नयेत म्हणून वर माझंच लाटणं ठेवलं. ‘चेंजी,’ म्हणाली. म्हणजे सुटे. शेजारणीकडून उसने आणलेले. मगच कुदळ उचलली.

मला हसूच फुटलं. सासूबाईंनीही इतक्या सभ्यपणे कधी पकडलं नव्हतं.

संध्याकाळी तुरीच्या डब्यातून तीन हजार काढून दिले. तिने नोटा मोजल्या. मग डब्याकडे पाहिलं. ‘चाब्विनो, मायी.’ लाटणं उचलून जागेवर ठेवलं आणि आपले दोन हजार पुन्हा गाठीत बांधले.