चिक चॉकलेटसाठी वर्गणी

मुंबईतल्या जॅझवर माहितीपट करायचा आणि पैसे लोकांकडून उभे करायचे, असं ठरल्यावर जो तो म्हणाला, जॅझवाल्यांना गाठ. गाठलं. त्यांनी कौतुक तोंडभरून केलं आणि पैसे हात राखून दिले.

आवाहनाचा पहिला व्हिडिओ १९३५ पासून सुरू व्हायचा. लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्टर ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईकरांनी अस्सल जॅझ समोर बसून ऐकलं, वगैरे. आकडा जागचा हलेना. मग व्हिडिओची सुरुवातच बदलली. आता पहिलं नाव संगीतकार सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. त्यांच्या शेजारी त्यांचा सहायक अँतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला, ज्याला सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणायची. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) तो आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतात. त्यानंतर पुणे, नाशिक, सांगलीहून पैसे यायला लागले. जॅझशी देणंघेणं नाही, पण ‘शोला जो भडके’ तोंडपाठ, अशी ही माणसं. माझा माहितीपट खरं तर त्यांच्यासाठीच होता.

लक्ष्य साडेसात लाखांचं. ते गाठलं तरच पैसे हातात, नाहीतर ज्याचे त्याला परत. त्यातून प्लॅटफॉर्मचं, म्हणजे वर्गणी गोळा करणाऱ्या वेबसाइटचं, कमिशन आणि कमिशनवर १८ टक्के जीएसटी. करसवलत मिळेल का, हा प्रश्न सगळ्यांचा; त्यासाठी लागणारी सरकारी मान्यता माझ्यासारख्या एकटीला कुठून मिळणार? ज्येष्ठांना वेबसाइटची भीती. “अगं, तुझा गुगल पेचा नंबर दे, लगेच टाकतो.” पण तसे आलेले पैसे लक्ष्यात धरत नाहीत. मग फोनवर बसून ओटीपीपर्यंत सोबत करायची.

गोव्याकडची गंमत वेगळीच. तिथल्या कुटुंबांचे व्हॉट्सॲप ग्रुप थेट इंग्लंडातल्या स्विंडनपर्यंत पोचलेले. तिथून लोक भरभरून द्यायला तयार, पण अनेकांचे पासपोर्ट पोर्तुगीज. सीएने बजावलं, परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, अडकते, हात लावू नकोस. भारतीय पासपोर्टवाल्यांचे घेतले. एकाच घरातल्या थोरल्याचे चालले, धाकट्याचे नाही.

पैशांपेक्षा मोलाचं म्हणजे लोकांनी घरातले ट्रंका-पेटारे उघडले. धोबीतलावच्या एका बाईंनी वडिलांची नोटेशनची वही दाखवली. वडील व्हायोलिनवाले, पाद्रींच्या शाळेत सुरावट वाचायला शिकलेले. सिनेमाच्या स्टुडिओंत गोवेकर वादकांचा जम बसला तो याच लिहित्या-वाचत्या विद्येवर. पानाच्या माथ्यावर रोमन लिपीत गाण्याचं नाव, खाली झरझर लिहिलेले स्वर आणि कोपऱ्यात मानधनाचा आकडा. तो खोडून शेजारी कमी आकडा लिहिलेला. कोणी खोडला, हे बाईंनाही ठाऊक नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतली रात्र मंदावली आणि स्टुडिओचं काम हाच या मंडळींचा आधार होत गेला. घासाघीस करायची ताकद कितीशी असणार?

लक्ष्य शेवटच्या आठवड्यात पार झालं. त्यातला मोठा वाटा गाण्यांच्या हक्कांतच जाणार. वकिलांनी समजावलं ते असं: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९५१ ची तबकडी मोकळी. पण चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अण्णा, म्हणजे सी. रामचंद्र, १९८२ साली गेले, तेव्हा चालीसाठी २०४२ संपेपर्यंत परवानगी हवीच. त्यामुळे आमची गाणी सेकंदांवर मोजली जातात. दोन आवडती गाळली, त्यावरून कॅमेरामन अजून धुसफुसतो.

सांगलीच्या एका काकांचा मात्र रोज निरोप येतो, “ते ‘गोरे गोरे’ घेतलंयस ना?”

घेतलंय काका. पंचेचाळीस सेकंद.