आत ऋण, बाहेर धन

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या पाठीवर, अडॅप्टरच्या भोकाशेजारी, बहुधा एक बारीक चित्र कोरलेले असते: मध्ये ठिपका, त्याला कवेत घेणारे अर्धवर्तुळ आणि दोहोंपासून निघालेल्या रेघांच्या टोकांना अधिक-उण्याची चिन्हे. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना ते चष्म्याशिवाय दिसत नाही आणि ज्यांना लागलेली नाही त्यांना ते पाहावेसे वाटत नाही. माळ्यावरून काढलेला रेडिओ विजेवर लावायचा ठरला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो याच्या भोकात बसणारी पिन कुठे मिळेल हा. वास्तविक पिन बसणे ही त्यातली सर्वांत किरकोळ बाब आहे. रेडिओ वाजेल की कायमचा गप्प होईल, हे त्या चित्रावर ठरते.

आमच्याकडचा संच सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा आहे. जपानी बनावटीचा, भोकाभोकांच्या चामडी वेष्टणातला, चार मोठ्या सेलांवर चालणारा. दर थोड्या दिवसांनी चार मोठे सेल विकत घेताना पुणेकराच्या मनात जो हिशेब सुरू होतो, तो शेवटी अडॅप्टरपाशीच येऊन थांबतो. व्होल्टचे गणित सोपे आहे. एका कोरड्या सेलचे दीड व्होल्ट धरले, तर चार सेलांचे सहा आणि सहा सेलांचे नऊ. सेल उतरत जातात तसा रेडिओ कमी व्होल्टवरही बराच काळ गात राहतो, कारण तो त्यासाठीच घडवलेला असतो. म्हणून नऊ व्होल्टच्या रेडिओला साडेसात दिले तर आवाज थोडा बसेल, बिघडणार काही नाही. पण सहाच्या रेडिओला बारा दिले, तर आतली जुनी कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर ते मुकाट्याने सोसतील अशी अपेक्षा करू नये. मिलीअँपिअरचे, म्हणजे प्रवाहाच्या मापाचे, नेमके उलटे आहे. अडॅप्टरवर लिहिलेला आकडा ही त्याची ऐपत असते. रेडिओ आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढतो. त्यामुळे तो आकडा गरजेपेक्षा मोठा असला तर खुशाल असू द्यावा.

खरी गोम आहे ती ध्रुवांची. आज घरात येणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेत आतले टोक धन आणि बाहेरची नळी ऋण असते. त्या काळच्या अनेक जपानी संचांत हे अगदी उलट असते, आत ऋण आणि बाहेर धन. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर संचांत जर्मेनियमचे पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असत आणि त्यांपैकी पुष्कळांत बॅटरीची धन बाजूच सांगाड्याला जोडलेली असे, त्यामुळे ते बनवणाऱ्या मंडळींना ही रचना मुळीच विचित्र वाटत नव्हती. विचित्र झाली ती आपल्यासाठी, कारण इंटरनेटच्या राउटरचा बारा व्होल्टचा, आत धन असलेला अडॅप्टर कित्येकदा त्याच भोकात झकास बसतो. उलटा प्रवाह अडवणारा डायोड काही संचांत असतो, पण तो आपल्या संचात असेलच असे धरून चालणे हा निव्वळ जुगार आहे. मी अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ठळक अक्षरांत ‘सहा व्होल्ट, आत ऋण, फक्त नानांचा रेडिओ’ असे लिहून ठेवले आहे. घरात त्याची थट्टा होते, परंतु पट्टी अजून कोणी काढलेली नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत हा माल मिळतो. पहिल्या दुकानात ‘कुठलाही न्या, सगळे चालतात’ असे ऐकल्यावर मी तिथून निघालो. पुढच्या दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी मान वर न करता विचारले, ‘‘साहेब, आत प्लस का आत मायनस?’’ एवढ्या एका प्रश्नावर त्या दुकानात पैसे द्यायला हरकत नाही असे माझे मत झाले. त्यांनी दोन नग समोर ठेवले. एक जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरवाला, हातात घेताच वजन जाणवणारा एलिमिनेटर; दुसरा मोबाइलच्या चार्जरसारखा हलका. वजनदाराच्या पिनेला त्यांनी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला, तर सहा व्होल्ट लिहिलेल्या त्या डबीने पावणेनऊच्या आसपास आकडा दाखवला. यात लबाडी काही नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले सहा व्होल्ट हे पूर्ण भार असतानाचे असतात. भार नसला की तो चढतो, आणि रेडिओसारखे अल्पाहारी यंत्र त्याला फारसा भार देतच नाही. हलका अडॅप्टर मात्र सहा म्हणजे सहा दाखवत होता.

मग हलकाच घ्यावा, असे कोणीही म्हणेल. पण तो आत वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून आपले काम करतो आणि त्यातून उठणारा गोंगाट थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात शिरतो. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि त्याची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची. स्वस्तातला हलका अडॅप्टर लावून काटा तिथे आणला, की प्रादेशिक बातम्यांच्या पाठीमागे कढईत काहीतरी तळत असल्यासारखी चरचर ऐकू येते. एफएमवर तिचा त्रास कमी. अशा वेळी मधला मार्ग ते गृहस्थ सांगतात तोच: ट्रान्सफॉर्मरवालाच घ्यावा, परंतु आत रेग्युलेटर बसवलेला. त्याने व्होल्टही स्थिर राहतात आणि साध्या एलिमिनेटरची ती जाड घरघरही बरीचशी जाते. थोडे जास्त पैसे पडतात. मी ते कुरकुर न करता दिले, ही गोष्ट माझ्या पत्नीला अजून खरी वाटत नाही.

बाहेरच्या अडॅप्टरचा मोठा लाभ म्हणजे २३० व्होल्ट भिंतीपाशीच थांबतात, रेडिओच्या पोटात शिरत नाहीत. म्हणूनच ती डबी नीट असावी. भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी, वायरीला चीर नसावी आणि पहिल्या तासाभरात एकदा हात लावून पाहावा. कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर काढून ठेवावी.

राहता राहिला सेलांचा प्रश्न. पिन आत गेली की भोकातली एक पत्री उचलली जाते आणि सेलांचा संबंध तुटतो, अशी योजना बहुतेक संचांत असते. परंतु इतक्या वर्षांत त्या पत्रीवर हिरवा गंज चढलेला असू शकतो, आणि ती चिकटून बसली तर अडॅप्टरची वीज सेलांत शिरून ते पाझरू लागतात. पाझरलेल्या सेलाने स्प्रिंग खाल्लेले रेडिओ जुन्या बाजारात ढिगाने दिसतात. त्यामुळे अडॅप्टर लावायचा तर सेल बाहेर काढून ठेवावेत. सासऱ्यांना हे पटत नाही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा ऐन वेळी सेल कोण शोधणार, असे त्यांचे म्हणणे. यावर तोड म्हणून चार सेल रेडिओशेजारच्या डबीत ठेवले आहेत. गुरुवारी पिन काढून ते घालायला अर्धा मिनिट लागतो आणि बातम्या त्याहून बऱ्याच लांब असतात.