घराच्या बदल्यात घर

आज दुय्यम निबंधक कार्यालयात अदलाबदलीच्या दस्तावर सह्या झाल्या. नाशिकच्या इंदिरानगरचा आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ओळखीच्या एका काकूंच्या कुटुंबाला, पंचवटीतला त्यांचा तळमजल्याचा आम्हाला. आमच्याकडे लिफ्ट नाही, आईचे गुडघे दुखतात. दोन वर्षं तिचं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाणं बंद होतं.

विकायचं म्हणजे आधी गिऱ्हाईक शोधा, मग घर शोधा, मधल्या काळात भाड्याने राहा. इथे दस्त एकच, आणि मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त किमतीच्या घरावर एकदाच. ते आम्ही निम्मं-निम्मं भरलं. किमतीतला फरक त्यांनी चेकने दिला, तोही दस्तात लिहिलाय. दोघांनीही एकमेकांच्या घराचे सर्च रिपोर्ट (मालकी आणि कर्ज-बोजा तपासल्याचा अहवाल) मात्र वकिलाकडून काढून घेतले, ओळख असली तरी.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: आयकराच्या लेखी अदलाबदल हेही हस्तांतरणच. कॅपिटल गेनचा, म्हणजे घराच्या वाढलेल्या किमतीतून झालेल्या नफ्याचा हिशेब दोघांनाही करावा लागतो. सह्या करण्याआधी सीएला भेटाच.

किल्ल्या देताना आईचा हात थरथरत होता. "गॅलरीतली तुळस तिथेच राहू दे का हो?" तिने विचारलं. त्या काकू म्हणाल्या, "राहू द्या ताई, मी घालीन पाणी."