प्रोचेस्सेत्तो सापडला, आता घोडं एका शब्दापाशी पेंड खातंय

सापडला! नवऱ्याच्या इटालियन खापरपणजोबा-खापरपणजीच्या १८६४ च्या लग्नाचा प्रोचेस्सेत्तो, म्हणजे लग्नाच्या नोंदीला जोडलेली कागदपत्रं, एकदाचा सापडला. लग्नाची नोंद हातात आणि तिला जोडलेले कागद मात्र बेपत्ता, अशी मागच्या वेळी लिहिलं तोपर्यंतची रड होती. कागद बेपत्ता नव्हतेच. ऑनलाइन ठेवलेल्या गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर भलत्याच वर्षाची पाटी होती आणि आतली पानं उलटसुलट टिपली गेली होती. शेवटी वर्षाचा आकडा मनातून काढून टाकला आणि गठ्ठा पहिल्या प्रतिमेपासून चाळत गेले. तळाशी, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाच्या कागदांना चिकटून, आमची मंडळी बसलेली.

जुन्या नेपल्सच्या राज्यातल्या गावांत १८६५ पर्यंतच्या नोंदींवर ज्यांचं काम आहे त्यांनी प्रोचेस्सेत्तोला पर्याय शोधूच नये. नवरा-नवरीचे जन्माचे उतारे, वडील वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला, आणि मग वडिलांच्या वडिलांचाही. संमती द्यायला घरातला वडीलधारा पुरुष उरला नाही हे सिद्ध करायला सरकारनं हे कागद मागितले आणि आपली दिवाळी झाली. खापरपणजीच्या बाजूनं तेच झालं. तिच्या आजोबांचा १८१७ मधला मृत्यूचा दाखला निघाला, वय ६३, वर त्यांच्या आईवडिलांची नावं, आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. तिथल्या बायका नोंदींत जन्मभर माहेरच्याच आडनावानं वावरतात. आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळताना ‘सौ.’च्या पुढे नुसतं सासरचं नाव बघून ज्यांनी कपाळाला हात लावलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. म्हणजे सरकारी जन्म-लग्न-मृत्यूच्या नागरी नोंदी १८०९ पासूनच्या, आणि मी बसल्या जागी १७५४ च्या आसपास जाऊन पोचले. पुढची पायरी कातास्तो ओंचारियो. १७४० च्या दशकात बूर्बाँ राजा कार्लोनं करवसुलीसाठी करवलेल्या त्या मोजणीत घरटी माणसं, वयं, धंदे, गुरंढोरं सगळं लिहिलेलं आहे. पण ते राहू दे, त्यावर वेगळं लिहीन.

कारण नवऱ्या मुलाच्या बाजूला निघाला फक्त एक कागद.

१८४१ चा जन्माचा उतारा. आईबाप अज्ञात. मूल नेपल्सच्या सान्तिस्सिमा अनुन्त्सियाता या अनाथालयाच्या चाकात रात्री मिळालं. महिना ‘7bre’. हा सातवा महिना जुलै नव्हे, सात म्हणजे ‘sette’, म्हणून ‘settembre’, सप्टेंबर, हे इथल्या जुन्या मंडळींना पाठ असेल. सासरच्या प्रत्येक वंशवृक्षात मात्र तो जुलैच झालाय आणि ऑनलाइन झाडांवर एकाचं बघून दुसऱ्यानं तसाच उतरवलाय. मी तेवढं दुरुस्त केलं. अमेरिकेतल्या एका दूरच्या चुलत नणंदेनं तासाभरात ते परत जुलै केलं. असो.

चाक म्हणजे भिंतीत बसवलेलं फिरतं लाकडी पिंप. बाहेरून मूल ठेवायचं, घंटा वाजवायची, आतली बाई ते फिरवून मूल काढून घेणार. ठेवणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. अनुन्त्सियाताचं चाक १८७५ मध्ये बंद झालं, पण त्याआधीची कैक शतकं नेपल्समध्ये ‘मादोन्नाची (मेरीमातेची) लेकरं’ म्हणजे इथली मुलं. गळ्यात शिशाची मोहर अडकवायचे, तिच्यावर क्रमांक.

आडनावाचा घोळ इथेच सुटला. सासरची ठाम समजूत अशी की आपण मूळचे उत्तरेकडचे, लोम्बार्दियातून दक्षिणेत उतरलेलं खानदानी घराणं. पुरावा काय? कॉग्नोमिक्स या आडनावांच्या संकेतस्थळाच्या नकाशावर आडनावाचा ठिपका तिकडे मोठा दिसतो. शिवाय आत्येसासूबाईंच्या दिवाणखान्यात चौकटीतलं, सिंहाचं चित्र असलेलं घराण्याचं मानचिन्ह आहे, मॉलमधल्या एका गाळ्यावरून आणलेलं. मानचिन्ह विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला मिळत नाही, हे मी सांगून पाहिलं. सिंह अजून भिंतीवर आहे. आडनाव मी इथे लिहीत नाही, हयात माणसं बरीच आहेत. एवढंच सांगते की १८०९ ते १८४१ पर्यंतच्या, लग्न झालं त्या गावच्या जन्म, लग्न, मृत्यू या तिन्ही वह्यांत ते एकदाही येत नाही आणि मग एकदम एक तरुण शेतमजूर ते घेऊन बोहल्यावर उभा राहतो. मला संशय तिथेच आला होता.

‘मग एस्पोझितो का नाही?’ असं नवऱ्यानं विचारलंच. बरोबर आहे, नेपल्सच्या सोडून दिलेल्या मुलांचं आडनाव म्हणजे एस्पोझितो, जसं मिलानचं कोलोंबो, रोमचं प्रोयेत्ती, फ्लोरेन्सचं इन्नोचेन्ती. पण जोआकिम म्युरा नेपल्सचा राजा असताना या मुलांना सरसकट एस्पोझितो लावायला बंदी आली, म्हणजे पोरं आडनावावरनं ओळखू येऊ नयेत. त्यानंतर कारकून आडनावं रचायला लागले. आमचं असंच मेजावर बसून रचलेलं. लोम्बार्दियातल्या त्या ठिपक्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. नकाशे बघायला मजा येते, मीही बघते, पण कागद हातात नसताना नकाशावरून मूळ गाव ठरवणं म्हणजे निव्वळ पतंगबाजी.

आता एक खरी गोड गोष्ट. नेपल्समध्ये चाकात ठेवलेलं मूल कासेर्ताजवळच्या खेड्यात कसं पोचलं? (गाव तेव्हा तेर्रा दी लावोरो प्रांतात. तो प्रांत १९२७ मध्ये मोडला आणि कासेर्ता १९४५ मध्ये पुन्हा उभा राहिला. म्हणून आपली गावं शोधताना शेजारच्या प्रांतांतही डोकवा.) अनुन्त्सियाता आपली तान्ही मुलं खेड्यांतल्या दायांकडे पगारावर दूध पाजायला द्यायची. काही मुलं तिथेच राहून जायची. पण दाईचं नाव उताऱ्यात नाही, लग्नाच्या नोंदीतही नाही.

मी नावांच्या रिवाजाला धरून चालले. थोरला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, थोरली मुलगी बापाच्या आईच्या नावाची. हा रिवाज त्या भागात इतका घट्ट की अडलेल्या झाडांना तोच सोडवतो. ज्याला बापच माहीत नाही तो काय करणार? खापरपणजोबांनी थोरलीचं नाव ठेवलं वेनेरांदा. बायकोच्या माहेरी वर चार पिढ्यांत हे नाव नाही. गावात त्या वयाला बसणारी वेनेरांदा एकच, एका गवंड्याची बायको. आणि थोरल्या मुलाचं नाव? त्या गवंड्याचंच. गावात त्याच नावा-आडनावाचे दोन गवंडी होते, आजोबा एकच असलेले चुलतभाऊ. पण एकाच्या नावापुढे ‘di’, दुसऱ्याच्या नावापुढे ‘fu’. एकाचा बाप हयात, दुसऱ्याचा मेलेला, त्यामुळे दोघं वेगळे काढता आले. मग १८४१ ची वही उघडली: वेनेरांदाला ऑगस्टमध्ये मुलगी झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. अंगावर दूध, पाळणा रिकामा. महिन्याभरातच हे पोर तिच्या घरी आलं असणार.

चाकात स्वतःचं मूल ठेवून मग त्याचीच दाई म्हणून नाव नोंदवायचं, पगारही घ्यायचा, अशा आया होऊन गेल्या आहेत, आणि हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. इथे ते शक्य नाही. ऑगस्टमध्ये बाळंत झालेली बाई सप्टेंबरात परत होत नाही. तर जन्मदात्री वेगळी, पण मोठं केलं ते वेनेरांदानं. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यांच्या आत्याचं मधलं नाव हेच होतं आणि ते कुठून आलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आता घोडं जिथे पेंड खातंय ते. चाकात मिळालेल्या मुलाच्या नोंदीत अंगावरचे कपडे आणि खुणा लिहायचा नियम होता. पुढेमागे आई परत आली तर ओळख पटावी म्हणून. आया अर्धं फाडलेलं चित्र, फीत, पदकाचा तुकडा असं काहीबाही ठेवायच्या. आमच्या उताऱ्यातही ती ओळ आहे: जुन्या कापडात गुंडाळलेलं, आणि सोबत एक... पुढचा शब्द पानाच्या घडीत, वर मागच्या पानाची शाई फुटून आलेली. सुरुवात ‘ca’, शेवट ‘ella’, दोन्ही स्वच्छ. मधल्या दोन-तीन फटकाऱ्यांत सगळं अडलंय.

‘Cartella’ असेल तर चिठ्ठी. ‘Catenella’ असेल तर बारीक साखळी.

फरक साधा नाही. साखळी असेल तर गोष्ट तिथेच संपते. चिठ्ठी असेल तर कुणीतरी लिहिता येणारा माणूस मध्ये होता. अशा चिठ्ठ्यांत मुलाचा बाप्तिस्मा झाला की नाही, नाव काय ठेवा, असं लिहिलेलं असायचं आणि मजकूर चाकाच्या वहीत उतरवला जायचा. त्यात अनुन्त्सियातात मुलं फक्त नेपल्सची यायची असंही नाही. प्रांतांतून, खेड्यापाड्यांतून माणसं पाठीवर घालून आणायची. म्हणजे खापरपणजोबा नेपल्सचे असतील किंवा वेनेरांदाच्या शेजारच्या गावचेही. चिठ्ठी असेल तरच ते कळण्याची आशा.

मी काय काय केलं ते सांगते. प्रतिमा गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन लाल, हिरवा, निळा असे थर वेगळे पाहिले. मागून फुटलेली शाई लाल थरात बरीच फिकी होते, ही युक्ती मोडीच्या कागदांवरही चालते, करून बघा. मग त्याच कारकुनानं लिहिलेले त्या गठ्ठ्यातले दुसरे उतारे काढले आणि त्याच्या अक्षरांचा तक्ता केला. त्याचा ‘r’ आणि ‘n’ एका फटकाऱ्यात येतात, ‘t’ला आडवी रेघ कधी देतो कधी विसरतो. मोडीतला घाईचा कारकून ज्यांनी सोसलाय त्यांना हा गृहस्थ ओळखीचा वाटेल. हस्ताक्षर वाचणाऱ्या एका एआय साधनाला तोच तुकडा दिला. त्यानं ‘candella’ असा इटालियनमध्ये नसलेलाच शब्द पूर्ण आत्मविश्वासानं दिला. लांबलचक, एका हाताच्या वह्यांसाठी ही साधनं ठीक, अडलेल्या एका शब्दासाठी नाहीत. माझा कौल आत्ता चिठ्ठीकडे झुकतो, कारण साखळीसाठी फटकारे कमी पडतात. पण मला चिठ्ठीच हवीय, म्हणून मी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीये.

आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की मी नकलेवर डोळे फोडतेय! प्रोचेस्सेत्तोतला कागद हा १८६४ मध्ये काढलेला उतारा. मूळ नोंद १८४१ ची, दुसऱ्या कारकुनाच्या हातची, दुसऱ्या कागदावर. उताऱ्याच्या डोक्यावर नोंदीचा क्रमांक आणि क्वार्तिएरेचं (शहरातल्या विभागाचं) नाव दोन्ही आहेत. ते नसतं तर नेपल्सच्या बाराही क्वार्तिएरींच्या जन्मवह्या धुंडाळाव्या लागल्या असत्या. आंतेनाती या इटालियन अभिलेखागारांच्या संकेतस्थळावर नेपल्सच्या त्या काळच्या वह्या आहेत आणि फुकट आहेत. तेव्हा लिहिणं अर्धवट ठेवून आत्ता तिकडेच जाऊन आले. त्या क्वार्तिएरेचं १८४१ एकाच वहीत मावत नाही, भाग बरेच आहेत, नावांची सूची दिसली नाही. पण क्रमांक हातात असल्यावर सूची कशाला? भागाच्या मधोमध उघडायचं, क्रमांक बघायचा, मागे किंवा पुढे उडी मारायची. सप्टेंबरचा भाग लागलाय. चाकातल्या मुलांच्या नोंदी ओळीनं येतात, एकेका रात्रीत कितीतरी, आणि वाचत वाचत पुढे जाणं जड जातंय, म्हणून आज तिथेच थांबले.

बाप अज्ञात निघाल्यामुळे डीएनए चाचणीनं नातेवाईक शोधायचा बेतही बदलला. आधी नवऱ्याचा नमुना वापरणार होते. आता सासऱ्यांचाच, कारण ते एक पिढी वर आहेत आणि खापरपणजोबा त्यांचे पणजोबा लागतात. खापरपणजोबांच्या सख्ख्या भावंडांचे वंशज कुणी असतील तर ते सासऱ्यांचे थर्ड कझिन, सरासरी सत्तरएक सेंटीमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएचं माप). सावत्र भावंडांचे असतील तर त्याहून बरेच कमी. खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं झाली की हे आकडे फुगतात, तेव्हा खापरपणजीच्या बाजूचे जुळारे (डीएनए जुळणारी माणसं) आधी बाजूला काढावे लागतील. तिची बाजू आता १७५४ पर्यंत भरलीय, तिचा हा दुसरा उपयोग.

शिवाय वाय-डीएनए, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी. सासरे थेट पुरुष वंशातले आहेत. आडनाव कारकुनानं रचलेलं असलं तरी वाय गुणसूत्र त्या अज्ञात बापाचंच आहे. चांगला जुळारा लागला तर त्याचं आडनाव हे बापाच्या घराण्याचं असू शकतं. इटलीतले पुरुष या चाचण्या फारशा करत नाहीत, म्हणून लगेच काही हाती लागेल असं मी धरून चाललेले नाही. सासरे तयार आहेत. आत्येसासूबाईंनी विचारलं, ‘यातून सिंह खोटा ठरणार का?’ मी विषय बदलला.

जाता जाता एक. मार्च २०२५ च्या अध्यादेशानं वंशपरंपरेनं मिळणारं इटालियन नागरिकत्व साधारण दोन पिढ्यांपुरतं आवळलं, तेव्हापासून पासपोर्टासाठी आलेली गर्दी ओसरलीय. कागद काढून देणाऱ्या दलालांचे दरही उतरलेत. ज्यांना बाहेरून माणूस लावून गावच्या पॅरिशच्या (चर्चच्या) वह्या बघून घ्यायच्या आहेत त्यांनी आत्ताच विचारून ठेवावं, आणि पैसे सगळे आगाऊ देऊ नयेत.

अनुन्त्सियाताच्या १८४० च्या दशकातल्या मूळ नोंदी कुणी वाचल्या असतील तर खुणांच्या ओळीचा एखादा नमुना मला पाठवा, म्हणजे ठरावीक वाक्यरचना कळेल. ‘con cartella’ असं कुणाच्या नोंदीत स्वच्छ दिसलंय का? गिंपमधला लाल थराचा तुकडा आणि कारकुनाचा अक्षरतक्ता हवा असेल त्याला देते.