तुम्ही विचारलंत म्हणून: मोटरची जनावरं अजून कशाला?

"सगळं व्हीएफएक्सनं होतं ना आता? मग ही मोटरची जनावरं कशाला बनवता?" सिनेमासाठी मोटरवर हलणारी खोटी जनावरं बनवणं हे माझं काम, आणि व्हीएफएक्स म्हणजे तेच कॉम्प्युटरवर चित्रात घालणं. प्रॉडक्शनवाले हे भाव पाडायला विचारतात, नातेवाईक काळजीनं, इंजिनीअरिंगची पोरं खरोखर कळत नाही म्हणून.

पोरांना वाटतं, मोटर बसवणं अवघड. छे! सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, ब्रेकची वायर सायकलवाल्याकडे. अवघड असतं ते मोटर लपवणं. सर्वोला नुसता कोन सांगितला की तो झटक्यात जातो नि झटक्यात थांबतो. जिवंत मान तशी वळत नाही. आधी डोळा, मग कान, मान सगळ्यांत शेवटी. पापणीचं सिलिकॉन जरा जाड ओतलं गेलं की डोळा मिटतच नाही नीट. फोमचं कातडं पाणी पितं ते वेगळंच. 'ज्युरासिक पार्क'च्या (१९९३) पावसात यांत्रिक टी-रेक्स डायनासोरचं कातडं भिजून जड झालं आणि एवढं धूड थरथरायला लागलं, तिथे आमची काय कथा.

एका सिनेमासाठी नुकती जन्मलेली कालवड केली होती. गोरेगावला चित्रनगरीत सेट. खरं तान्हं वासरू दिव्यांखाली तासन् तास ठेवायला कुणाचं मन होईना. गवताखालच्या फळीवर माझा मदतनीस वायरी ओढत आडवा, रिमोट माझ्याकडे. साउंडवाला दर टेकला ओरडायचा, "दादा, तुमची कालवड गुणगुणतेय!" आजीचं काम करणाऱ्या बाई तिला पुसत होत्या. हात कानामागे गेला तसा मी कान फडकवला. बाई दचकल्या, संवाद विसरल्या आणि आपसूक म्हणाल्या, "अगं, थांब की जरा!" टेक ओके.

सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर कालवड अख्खी व्हीएफएक्सची. ओला डोळा, नाकावर फिरणारी जीभ. कान मात्र मी फडकवला तेव्हाच फडकतो. बाईंचं ते वाक्यही ठेवलंय. श्रेयनामावली शेवटपर्यंत बघितली, आमचं नाव नव्हतं. बायको म्हणाली, "चल आता, झाडूवाला आलाय."

तेव्हा सांगत सुटलो होतो की कॉम्प्युटरचं सगळं खोटं. आज मानेची हालचाल मी स्वतःच कॉम्प्युटरवर बसवतो; तेव्हाच्या मला विचाराल तर तो मला फितूर म्हणेल. आणि ती जीभ? तशी मला आजही जमत नाही. पण व्हीएफएक्सच्या शूटिंगला जनावराच्या जागी काठीला टेनिसचा बॉल लावतात; त्याला बघून बाई तशा दचकल्या असत्या का? मदतनीस म्हणतो, "चांगली नटी बॉललाही दचकते, दादा." त्यालाही खोडता येत नाही.

सध्या माकडाचं काम चालू आहे. माकड, अस्वल, वाघ, सिंह, बिबट्या यांना खेळासाठी शिकवायला १९९८ पासून बंदी आहे, त्यामुळे खऱ्याचा प्रश्नच नाही. चेहरा आणि हात माझे. शेपूट व्हीएफएक्सवाल्यांकडे द्या, असं मीच सुचवलं. नावाचं मात्र या वेळी करारात लिहून घेतलंय.