आमची वाटचाल : छापखान्यातून डार्क थीमकडे

आमच्या घरचा धंदा ऑफसेट छपाईचा. पत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. माझ्याकडे प्री-प्रेस होतं; रंग वेगळे करायचे आणि प्लेट काढून द्यायची. छपाईची कामं आटत चालली होती. त्यातच धाकट्या भावाने त्याच्या ऑफिससाठी कोड एडिटरची, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरची, डार्क थीम (गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरांची रंगसंगती) करून मागितली. ते साल २०१६. व्हीएस कोड या एडिटरची १.० आवृत्ती नुकतीच आली होती.

आता आम्ही घरातलीच माणसं मिळून कंपन्यांना थीम बनवून देतो. तयार थीमपैकी मोनोकाय २००६ पासून आहे, सोलराइज्ड २०११ पासून, ड्रॅक्युला २०१३ पासून, आणि सगळ्या फुकट मिळतात. मग तुम्हाला पैसे कोण देतं, असं पाहुणेमंडळी हमखास विचारतात. ज्यांची अडचण तयार थीमने सुटत नाही, ते देतात.

छपाईत कागद पांढरा असतो, शाई चढेल तसा उजेड कमी होतो. पडद्यावर सगळंच उलटं, तिथे प्रत्येक अक्षर उजेड टाकतं. त्यामुळे आम्ही ठार काळी पार्श्वभूमी घेत नाही. काळ्यावर शुद्ध पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळीचं गुणोत्तर, २१ भरतो, आकडा भारी दिसतो, पण चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असलेल्या अनेकांना अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. व्हीएस कोडच्या डार्क प्लस थीमची पार्श्वभूमी आरजीबीत (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) ३०-३०-३० आहे. आम्हीही त्याच आसपास राहतो आणि मजकूर किंचित राखाडी ठेवतो.

खरी मेहनत रंगांची उजळी जुळवण्यात जाते. रंग मोजायच्या एचएसएल या मापाने शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा दोघांची उजळी ५० टक्केच. प्रत्यक्षात काळ्यावर निळ्याचा कॉन्ट्रास्ट २.४४ आणि पिवळ्याचा १९.५६! साध्या मजकुराला वेब सुलभतेचा नियम किमान ४.५ मागतो. म्हणून आम्ही लॅब किंवा ओकेलॅब या मापांवर रंग निवडतो, कारण ती डोळ्याला जाणवणाऱ्या उजळीच्या जवळ जातात. सोलराइज्डचे सोळा रंगही लॅबवरच बेतलेले आहेत.

आम्हाला धंद्यात खरं उभं केलं ते मराठी ॲपच्या एका कामाने. त्यांच्या फायलींमध्ये मराठी वाक्यं स्ट्रिंग म्हणून, म्हणजे कोडमध्ये अवतरणचिन्हांत टाकलेला मजकूर म्हणून, भरलेली होती. त्यांची थीम इंग्रजीला ठीक होती, पण तिच्या मंद हिरव्यात अनुस्वार आणि रफार दिसेनासे व्हायचे. शिरोरेषेमुळे ओळीचा वरचा भाग सलग उजळ दिसतो आणि त्याच्या डोक्यावरचा बारीक ठिपका हरवतो. ‘गावात’ आणि ‘गावांत’ तपासणाऱ्याला सारखंच दिसलं तर चूक थेट ग्राहकाच्या मोबाईलवर जाते. आम्ही स्ट्रिंगचा रंग उजळवला, त्यातला हिरवेपणा कमी केला आणि ओळींमधलं अंतर वाढवायला सांगितलं. अंतर थीममध्ये बसत नाही, ते सेटिंगचं काम. पण ग्राहकाला त्याच्याशी काय करायचंय?

कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप, अंधूक ठेवायची पद्धत मला पटत नाही. कोड असा का लिहिलाय ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि नवा माणूस आधी तेच शोधतो. कॉमेंट ४.५ च्या खाली गेलेली आमच्याकडून बाहेर पडत नाही. काही ग्राहक यावर हुज्जत घालतात, घालू देत.

कोडमधल्या काढलेल्या आणि नव्या ओळी दाखवताना नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष प्रत्येक मोठ्या टीममध्ये एखाददुसरे निघतातच. एक बाजू निळसर केली की भागतं.

एका क्लासवाल्यांनी प्रोजेक्टरसाठी डार्क थीम मागितली, तेव्हा आम्ही नको म्हणालो. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, आणि दिवे लावलेल्या वर्गात तर सगळंच धुरकट दिसतं. त्यांना लाइट थीम करून दिली.

तेव्हापासून जुने ग्राहकही आपल्या डार्क थीमची लाइट जोडी मागू लागलेत. रंग नुसते उलटे करून ते जमत नाही. काळ्यावर १९.५६ भरणारा पिवळा पांढऱ्यावर जेमतेम १.०७ भरतो. सध्या त्याच्या जागी गडद गेरू बसवून पाहतोय.