आमची वाटचाल: लालबागमधलं डिझाईनचं दुकान

2004 ला सुरू केलं. भारतमाता सिनेमापासून जवळच, चाळीत तळमजल्यावरची खोली, एक असेंबल्ड पीसी, डबडा सीआरटी मॉनिटर, डिझाईनसाठी कोरल 12, मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी आणि जेजे अप्लाइड या आर्ट कॉलेजमधनं बाहेर पडलेले आम्ही दोघं. पार्टनरला नंतर पुण्याला नोकरी लागली, भांडण वगैरे काही नाही. जाताना त्याचं पॅन्टोनचं शेडकार्ड, म्हणजे छपाईच्या रंगांच्या नमुन्यांच्या पट्ट्या, माझ्याकडे ठेवून गेला. तेव्हा ते घ्यायला आम्ही दोघांनी किती खिसे उलटे केले होते ते आम्हालाच माहीत. आता रंग उडालेत त्याचे, कामाला नवीन आणलंय, तरी ड्रॉवरमध्ये आहेच.

मधली वर्षं बरी गेली. मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका, क्लासची पॅम्प्लेट्स. त्यावर काय लिहायचं.

लिहायचंय ते 2016 चं. आमच्याकडे एक मुलगा होता, नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, परळमध्ये सगळे ओळखतात. ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कडेची जास्तीची जागा, 3 मिमी का सोडायचा, बारीक काळा मजकूर छपाईच्या चारी रंगांत न ठेवता नुसत्या के मध्ये, म्हणजे काळ्या शाईत, का ठेवायचा, प्रेसला फाईल देताना फॉन्ट कर्व्ह का करायचे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार का करून टाकायचे, सगळं इथे शिकला. भाऊबीज झाली आणि तो गेला, आणि आठवड्याभरातच, 8 नोव्हेंबरला, नोटाबंदी. आमचं निम्मं काम एका बिल्डरच्या ब्रोशरचं, त्यांची बुकिंगं थंडावली आणि आमची बिलं तिथेच अडकली, फोन केला की पुढच्या आठवड्यात. बाकीचे छोटे गिऱ्हाईक रोखीतले, त्यांच्याकडेच कॅश नाही तर मला कुठून देणार. आणि नेमकं तेव्हा हा पठ्ठ्या माझ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सांगतोय की दादा दुकान बंद करतायत, मला सांगितलंय सगळं सांभाळायला!

साडीवाले गेले, क्लासवाले गेले, ज्या मंडळाचा अहवाल मी पहिल्यापासून करत होतो ते मंडळसुद्धा गेलं. आणि काम काय करायचा तर प्रेसला आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, फाईल पाठवायचा, छापून आलं की निळ्याचा जांभळा. पण गिऱ्हाइकाच्या दुकानात जाऊन बसायचा, चहा प्यायचा, शेठच्या मुलीची दहावी लक्षात ठेवायचा, हो ला हो करायचा. लोकांना वाटतं यालाच माणसं सांभाळणं म्हणतात. मी नाही म्हणत. गोड बोलणं वेगळं आणि समोरच्याला काय पाहिजे ते त्याच्याकडून काढून घेणं वेगळं.

भांडुपच्या आमच्या मालवणी मसालेवाल्या काकूंचंच घ्या. पाऊचचं पहिलं काम आलं तेव्हा त्या नुसतं म्हणायच्या, लाल नाय आवडला. तीन प्रूफ झाली तरी तेच. शेवटी मी म्हटलं काकू, मसालाच घेऊन या. त्या डबा घेऊन आल्या, मी मसाला पांढऱ्या कागदावर पसरला, खिडकीपाशी उजेडात शेडकार्डाची एकेक पट्टी बाजूला धरत गेलो आणि त्यांनी बोट ठेवलं ते लालवर नाही, तपकिरीकडे झुकलेल्या विटकरीवर. भाजलेल्या मसाल्याचा रंग हवा होता त्यांना, लाल हा शब्द त्यांनी सवयीने वापरला होता. पाऊच ग्रॅव्ह्युरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवर, छापतात, प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा आणि तो एकदा कोरला की कोरला, बदल म्हणजे नवीन सिलिंडरचे पैसे. हो ला हो करणाऱ्याने तिथे काकूंना बुडवलं असतं.

तर हा त्यांच्याकडेही गेला होता, फुकट डिझाईन घेऊन. काकूंचा फोन आला, "तुझो तो पोरगो इलो होतो. गोड बोलता, पण माझो मसालो हुंगान सुदीक बघूक नाय." आणि त्या माउलीने पुढच्या वर्षभराच्या कामाचा चेक आगाऊ दिला. जानेवारीचं भाडं त्यातनं गेलं, हे मी कधीच विसरणार नाही.

बिल्डरचे पैसे कसे सुटले तेही सांगतो, नवीन फ्रीलान्सर पोरांना उपयोगी पडेल. मार्केटिंगच्या मॅडमना फोन करून काही होत नाही, त्यांच्या हातात नसतं. अकाउंट्सला जो माणूस बसतो त्याचं नाव माहीत पाहिजे, बिल कुठल्या तारखेला चढतं ते त्याला विचारा, त्याच्याशी नीट बोला, तोही दिवसभर शिव्याच खात असतो. छोट्या उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असा 2006 चा कायदा आहे, उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवाच, पण कायदा पहिल्याच फोनला काढू नका, पुढचं काम जातं. टीडीएस, म्हणजे बिलातनं आधीच कापलेला टॅक्स, कापला म्हणतात तो आयकराच्या साइटवरच्या तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये (26 एएस) दिसतोय का बघा. माझे निम्म्याहून जास्त आले, बाकीचे अजून यायचेत, साइटवर टॉवर उभे राहून लोक राहायलाही गेले.

आणि अजून एक, कुणी विचारलं नाही तरी. फायनल कोण करणार हे पहिल्याच मीटिंगला विचारा. मुलगा ओके म्हणतो, मग पप्पा येतात, मग पप्पांचे ज्योतिषी. करेक्शन फोनवर सांगितलं तरी लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, "एवढे बदल ठरले, बरोबर ना?" याचा राग कुणाला येत नाही आणि नंतर भांडण होत नाही. नाही म्हणायचं तर लगेच म्हणा, डेडलाईनच्या आदल्या रात्री फोन बंद करून बसणारे आर्टिस्ट मी खूप बघितलेत, त्यातले चांगले चांगले आज नोकऱ्या शोधतायत.

आता दोन मशीन आहेत, एक मुलगी आहे हाताखाली, हुशार आहे, गिऱ्हाइकाला माझ्यापेक्षा बरं ऐकून घेते. काकूंची सून आता ऑर्डर देते, तीही डबा घेऊनच येते. ते मंडळ मागच्या वर्षी परत आलं, मी काही बोललो नाही, फक्त निम्मा ॲडव्हान्स घेतला. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर टाईप करतात तसा, आला की श्रीलिपीत कन्व्हर्ट करताना रफार आणि जोडाक्षरं हलतात, एकेक ओळ वाचावी लागते, त्याला वेळ जातो. म्हणून अहवालाचं काम असेल तर जूनमध्येच या, जाहिरातींची यादी टाईप करून आणा, आणि एक ते दोन मी जेवायला जातो.